सात हजार रुफियांतले घरी किती येणार?

पत्र: आम्ही घाटंजी तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू आहे, त्यात कापूस आणि तूर घेतो. ह्यांनी आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं आहे, यवतमाळला एका ठेकेदाराकडे महिन्याला सोळा हजार मिळतात. आता मालदीवची राजधानी माले इथल्या एका देखभाल कंपनीचं काम आलं आहे. दोन वर्षांचा करार, पगार तिकडच्या चलनात, सात हजार रुफिया, राहणं कंपनीचं. एजंट म्हणतो, आपले चाळीस हजार होतात आणि तिकडे खर्चच नाही. तो दीड लाख मागतो. त्यातले पंधरा हजार इसार म्हणून ह्या आठवड्यात द्यायचे आहेत. बाकीसाठी दोन एकर सावकाराकडे लिहून द्यायचं ठरतं आहे, व्याज शेकडा तीन. दोन वर्षांत कर्ज फेडून आणखी दोन एकर घेऊ, असं हे म्हणतात. बचत गटाचा हिशेब मी ठेवते, पण हा हिशेब मला जमत नाही. खरंच किती उरतील? सोबत काय द्यायचं?
— एक वाचक, जि. यवतमाळ

ताई, एजंटचा चाळीस हजारांचा आकडा खोटा नाही. पण तो माले शहरात हातात पडणारा पगार आहे. घाटंजीला तुमच्या खात्यात किती येईल, हे तीन गोष्टींवर ठरतं: खोली कोणाची, जेवण कोणाचं, आणि पगार रुफियात की डॉलरमध्ये. तुमच्या पत्रात पहिल्याचं अर्धं उत्तर आहे. तिसऱ्याचं उत्तर रुफिया असं आहे. दुसऱ्याचं अजिबात नाही.

आधी रुफिया समजून घ्या. एका डॉलरला बँकेचा भाव १५.४२ रुफिया आहे, आणि तो बरीच वर्षं तिथेच आहे. म्हणून त्या दिवशी डॉलरचा रुपयात जो भाव असेल त्याला १५.४२ ने भागलं की एका रुफियाचे रुपये निघतात. हिशेबापुरता डॉलर ९० रुपये धरू. मग एक रुफिया ५.८४ रुपयांचा झाला आणि सात हजार रुफिया म्हणजे ४०,८५० रुपयांच्या आसपास. एजंटचा आकडा इथून आला.

आता वहीत खर्च मांडा. खोली कंपनीची आणि फुकट असं समजू. जेवण स्वतःचं असेल तर दोन वाटा आहेत. चार-पाच जणांनी मिळून खोलीवर स्वयंपाक केला तर माणशी महिन्याला १,८०० रुफिया धरा. हॉटेलात खाल्लं तर एका साध्या भात-कालवणाच्या जेवणाला ५० आणि सकाळच्या चहा-नाश्त्याला ३० धरले, तरी दिवसाचे १३० आणि महिन्याचे ३,९०० होतात. फोनच्या रिचार्जला २५० धरा. साबण, केस कापणं, फेरीबोट, किरकोळ औषध मिळून ५००. हे आकडे अंदाजाचे आहेत, तिथे काम करणाऱ्या माणसाकडून दुरुस्त करून घ्या. मांडणी मात्र हीच ठेवा.

खोलीवर स्वयंपाक केला तर खर्च २,५५० आणि शिल्लक ४,४५० रुफिया, म्हणजे जवळपास २६ हजार रुपये. हॉटेलात खाल्लं तर शिल्लक २,३५० रुफिया, म्हणजे पावणेचौदा हजारांपेक्षा थोडी कमी. यवतमाळच्या सोळा हजारांपेक्षाही कमी, आणि माणूस दोन वर्षं घराबाहेर. जेवण कंपनीने दिलं तर हीच शिल्लक ६,२५० रुफिया, म्हणजे साडेछत्तीस हजार रुपये होते. पगाराचा आकडा तिन्ही वेळा सातच हजार आहे. म्हणून पगार वाढवून मागण्याआधी जेवण लेखी मागा.

आणि 'राहणं कंपनीचं' ह्या शब्दांवर थांबू नका. मालेत जागा फार कमी आणि माणसं फार. जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या शहरांत त्याची गणना होते. दोन बेडरूमचं घर पंधरा ते पंचवीस हजार रुफियांत जातं, त्यामुळे कामगार खोली घेत नाही, पलंग घेतो. एका खोलीत लोखंडी दुमजली पलंग, दहा-बारा माणसं, एक संडास-बाथरूम, पलंगाच्या दांडीला वाळत घातलेले ओले कपडे आणि पलंगाखाली बॅग. कंपनीची खोलीही बहुतेक अशीच असते. ती फुकट असेल तर चालवून घेता येते. पण काही करारांत राहण्याची सोय असा शब्द असतो आणि पगारातून पलंगाचं भाडं कापलं जातं. अडीच हजार कापले तर स्वयंपाक करूनही हातात १,९५० रुफिया, म्हणजे साडेअकरा हजारांच्या आत. हॉटेलात खाल्लं तर महिनाअखेर १५० रुफिया उधार. तेव्हा करारात 'राहण्याचं भाडं, वीज आणि पाणी कंपनी भरेल, पगारातून कापणार नाही' असं पूर्ण वाक्य पाहिजे. तिथली बरीचशी वीज डिझेलवर तयार होते आणि मालेत नळाला समुद्राचं पाणी गोडं करून येतं, म्हणून दोन्हीची बिलं आपल्याकडच्यासारखी नसतात. खोलीत एसी असेल तर आणखीच. स्वयंपाकाला परवानगी आहे का, गॅस आहे का, हे त्याच वेळी विचारा. अनेक खोल्यांत शेगडी लावू देत नाहीत, आणि मग १,८०० चा हिशेब ३,९०० वर जातो. बाहेरच्या भाड्याचा अंदाज घ्यायचा तर आयबे नावाच्या तिथल्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो.

आता पैसे घरी येण्याचं. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण करारात काहीच चुकीचं दिसत नाही. मालदीवमध्ये डॉलरची टंचाई आहे. पगार रुफियात मिळतो, पण घरी पाठवायला तो आधी डॉलरमध्ये बदलावा लागतो, आणि बँका एका माणसाला महिन्याला ठरावीक रकमेपुरतेच डॉलर देतात. ही मर्यादा बदलत राहते. उरलेल्या रुफियांचं काय? लोक बाहेरून डॉलर घेतात, आणि बाहेर एका डॉलरला अठरा किंवा त्याहून जास्त रुफिया मोजावे लागतात. स्वयंपाक करून उरलेले ४,४५० रुफिया बँकेच्या भावाने २८८ डॉलर होतात, अठराच्या भावाने २४७. तिथेच महिन्याला साडेतीन हजार रुपयांच्या वर गेले. शिवाय बाहेरचा व्यवहार बेकायदा आहे. हवाल्याने घरपोच रोख देतो म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहा. पैसा बुडाला तर तक्रार कुठे करणार?

यावर उपाय दोन. पहिला, पगार डॉलरमध्ये ठरवून घेणं. पर्यटकांच्या रिसॉर्ट बेटांवर बहुतेक ठिकाणी तसंच असतं. तिथे उत्पन्नच डॉलरमध्ये येतं, राहणं-जेवण बेटावरच मिळतं आणि पाहुण्यांच्या बिलातल्या १० टक्के सेवा शुल्काचा वाटा कर्मचाऱ्यांत वाटला जातो. इलेक्ट्रिशियनला रिसॉर्टच्या देखभाल विभागात चांगली मागणी असते. ४०० डॉलरचं रिसॉर्टचं काम मालेतल्या सात हजार रुफियांच्या कामापेक्षा बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसरा उपाय, पगार रुफियातच असेल तर कंपनीने दर महिन्याला किमान अमुक डॉलर बँकेच्या भावाने भारतात पाठवावेत, असं कलम घालून घेणं. चांगल्या कंपन्या ते मान्य करतात. मालेत स्टेट बँक ऑफ इंडियाची शाखा १९७४ पासून आहे. कंपनीचं खातं कुठे आहे आणि सध्या महिन्याला किती डॉलर पाठवू देतात, हे तिथल्या कामगारांना विचारून घ्या.

किराणा तिथे महाग का, हे कळलं तर काय द्यायचं ते आपोआप कळेल. सुमारे बाराशे लहान बेटांचा हा देश. शेतीला जमीन जवळपास नाहीच, समुद्रातून मिळते ती मासळी. तांदूळ, कणीक, साखर, डाळ, कांदे, बटाटे, अंडी भारतातून जातात. १९८१ च्या व्यापार करारानुसार भारत दरवर्षी त्यांचा कोटा ठरवून देतो, देशात निर्यातबंदी असली तरी. तांदूळ, मैदा आणि साखरेला तिथलं सरकार सवलत देतं, म्हणून ह्या तीन वस्तू झेपतात. ट्यूना मासाही झेपतो. महागतं ते बोटीत खराब होणारं सगळं: पालेभाजी, टमाटे, दूध, फळं. दूध बहुतेक पावडरचंच. किरकोळ मालावर ८ टक्के जीएसटी आहे, रोजच्या खाण्याच्या मूळ वस्तूंवर तो लागत नाही. बसून खायच्या काही हॉटेलांत सेवा शुल्कही लागतं. हे शाकाहारी असतील तर आत्ताच सांगून ठेवा: तिथल्या कालवणात, नाश्त्यात, समोशासारख्या पदार्थांतही ट्यूना असतो. शाकाहारी माणसाला स्वयंपाकाशिवाय गत नाही. रमजानमध्ये दिवसा हॉटेलं बंद असतात, उघड्यावर खाता-पिताही येत नाही. त्या महिन्यात हॉटेलावर विसंबलेला हिंदू कामगार उपाशी राहतो. पहाटे करून ठेवलेला डबा आणि खायला आडोशाची जागा, दोन्ही लागतात.

तेव्हा बॅगेत डाळ-तांदूळ भरून वजन वाया घालवू नका, ते तिथे मिळतं. भिवापुरी मिरचीचं तिखट, घरचा काळा मसाला, हिंग, जवसाची आणि तिळाची कोरडी चटणी, मुगवड्या, सांडगे द्या. हवा वर्षभर दमट असते. कागदी पुड्या आठवड्यात ओलावतात, तिखटाचे गोळे होतात. प्रत्येक जिन्नस दोन-दोनशे ग्रॅमच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा आणि एका वेळी एकच डबा उघडायला सांगा. ज्वारीचं पीठ द्यायचंच तर ताजं दळून, पूर्ण थंड करून, दोन किलोच्या आत. तिथल्या दमटपणात त्याला लवकर कुबट वास येतो. बाजरीचं देऊच नका, ते त्याआधीच कडू होतं. तेल सुटलेलं लोणचं विमानात गळतं आणि बॅगेतले सगळे कपडे जातात.

एक गोष्ट मनाला लागेल, पण सांगायलाच हवी. पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती किंवा शेगावच्या महाराजांची लहान मूर्ती प्रेमाने बॅगेत ठेवू नका. मोबाइलमध्ये फोटो असू द्या. दारू आणि डुकराचं मांसही चालत नाही. ई-सिगारेटवर २०२४ च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि त्याच वेळी साध्या सिगारेटवरचा करही बराच वाढवला. ह्यांना सिगारेटची सवय असेल तर वरच्या ५०० च्या किरकोळ खर्चाला काही अर्थ राहणार नाही. झोपेच्या, जबर वेदनेच्या किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांना आधी परवानगी लागते, ती सहज म्हणून टाकू नका. रोजची औषधं डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात. कपडे सुती आणि पातळ. उन्हाळ्याची भीती बाळगू नका, तिथे ३१-३२ अंशांच्या फार वर जात नाही, तुमच्या मे महिन्यासमोर ते काहीच नाही. पण घाम वाळत नाही, त्यामुळे जांघेत आणि बोटांत चिखल्या-गजकर्ण होतं. त्यावरची पावडर आणि मलम इथूनच घेऊन द्या.

आता एजंट. परदेशी नोकरीसाठी सरकारकडे नोंद असलेल्या एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. दीड लाख कशाचे, हे त्याला कागदावर लिहून द्यायला लावा. ई-मायग्रेट ह्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे स्वतः तपासा. 'मी मोठ्या एजंटचा माणूस आहे' असं म्हणाला तर त्या मोठ्याचा क्रमांक घ्या आणि पैसे त्याच्याच बँक खात्यात पावतीने भरा. विचारायला परराष्ट्र मंत्रालयाचा मोफत क्रमांक आहे: १८०० ११ ३०९०. आखाती देशांसारख्या १८ देशांना जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांचे कागद सरकार निघण्याआधी तपासतं. मालदीव त्या यादीत नाही. म्हणजे ह्यांचे कागद तुम्हीच तपासायचे, दुसरं कोणी थांबवणार नाही.

तपासायचं काय? भारतीयांना मालदीवमध्ये पर्यटक म्हणून उतरल्यावर फुकट प्रवेश मिळतो, आणि हीच फसवणुकीची जागा आहे. 'आधी जा, परमिट तिकडे करू' म्हणून पर्यटक म्हणून पाठवलेला माणूस पहिल्या दिवसापासून बेकायदा कामगार होतो. पकडला तर परत पाठवतात, आणि तोपर्यंत पगार दिला नाही तरी त्याला बोलता येत नाही. कामाच्या परवान्याची मंजुरी ह्यांच्या नावाने, पासपोर्ट क्रमांकासह, निघण्याआधी हातात हवी. त्यावरचं कंपनीचं नाव आणि करारावरचं नाव एकच आहे का, हे अक्षर न् अक्षर पाहा. परवाना त्या एका कंपनीपुरताच असतो, तिथे गेल्यावर दुसरीकडे काम धरता येत नाही. परवान्याचा आणि आरोग्य विम्याचा खर्च कंपनीने करायचा असतो, तो पगारातून कापणार नाही असं लिहून घ्या. तिथल्या कायद्यात आठवड्याला ४८ तास काम आहे, त्यापुढच्या तासाला सव्वापट आणि सुट्टीच्या दिवशी दीडपट ओव्हरटाइम, वर्ष पूर्ण झाल्यावर ३० दिवसांची पगारी रजा. करारात ओव्हरटाइम नसेल तर देखभालीच्या कामात बारा-बारा तास जातात आणि पगार तोच राहतो. जाण्याचं आणि करार संपल्यावर परतीचं तिकीट कोणाचं, हेही त्यातच असू द्या. निघण्याच्या ९६ तासांच्या आत आयमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो फुकट आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

सावकाराचं सगळ्यात महत्त्वाचं. इसाराचे पंधरा हजार सोडून उरलेल्या १,३५,००० ला शेकडा तीन म्हणजे महिन्याला ४,०५० नुसतं व्याज. वर्षात फेडायचं म्हटलं तर मुद्दल ११,२५० धरून पहिल्या महिन्याचा हप्ता १५,३०० येतो. सगळं नीट जमून २६ हजार आले तरी घराला १०,७०० उरतात. आज तुमच्या घरात सोळा येतात. शिवाय पहिला पगार लगेच हाती येत नाही. वैद्यकीय तपासणी, परवाना आणि बँक खातं ह्यांत महिना-दीड महिना सहज जातो, आणि तेवढ्या दिवसांसाठी ह्यांच्याजवळ दीड-दोनशे डॉलर रोख हवे असतात. इकडे व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू. आणि 'दोन एकर लिहून द्यायचं' म्हणजे नेमका कोणता कागद? सावकार गहाणखताच्या नावाखाली विक्रीखत करून घेतात आणि पैसे फेडले की उलटं करून देऊ म्हणतात. विक्रीखतावर सही केली की जमीन त्यांची झाली. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, हे सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात विचारता येतं. ३५,४०० एजंटचे, तिकीट कंपनीचं, आणि थोडी रोख अशी बेरीज साठ हजारांत बसते. एवढी रक्कम बचत गटाच्या बँक कर्जातून, सोनं बँकेत ठेवून किंवा सोसायटीतून उभी राहते. ज्या नोकरीला साठ हजार पुरत नाहीत, तिच्यासाठी जमीन लावू नका.

दोन एकर घेण्याच्या बेताचंही ऐका. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस अनिवासी ठरतो, आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, वारसाने आलेली घेता येते. घ्यायची तर ती तुमच्या नावाने घ्यावी लागेल, आणि त्यासाठी तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. तुमचं नाव सातबारावर नसेल तर तलाठ्याकडे आत्ताच चौकशी करा. पीक कर्जाचं नूतनीकरण आणि बाकीच्या सह्यांसाठी निघण्याआधी तुमच्या नावाने कुलमुखत्यारपत्र नोंदवून घ्या. मुदतीत फेडलं नाही तर पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत जाते, आणि तेव्हा ते मालेहून येऊ शकणार नाहीत. बँकेला कळवून ह्यांचं बचत खातं अनिवासी प्रकारात बदलून घ्या आणि सोबत एनआरई खातं उघडा. तिकडून आलेले पैसे त्यात ठेवले की व्याजावर आयकर लागत नाही.

आज एवढंच करा. एजंटला सोडून थेट कंपनीच्या ई-मेलवर पाच प्रश्न पाठवायला ह्यांना सांगा: जेवण कोणाचं, खोलीचं भाडं पगारातून कापणार का आणि खोलीत किती माणसं, महिन्याला किती डॉलर कोणत्या भावाने भारतात जातील, दोन्ही तिकिटं कोणाची, परवान्याची मंजुरी कधी मिळेल. खरी कंपनी दोन-चार दिवसांत उत्तर देते. कंपनीचा ई-मेल एजंट देत नसेल, तर तेही उत्तरच आहे. लेखी उत्तर येईपर्यंत इसाराचे पंधरा हजार तुमच्या पेटीतच राहू द्या.